गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायी सिद्धांतांतील प्रारंभिक मूल्य प्रश्न

एखाद्या क्षणाची भौतिक स्थिती दिली असता सिद्धांताच्या समीकरणांवरून पुढील स्थिती ठरविता येते की नाही, या प्रश्नास प्रारंभिक मूल्य प्रश्न म्हणतात. उत्तर अस्तित्वात असेल, ते एकमेव असेल आणि प्रारंभिक मूल्यांतील अल्प फरकाने त्यात अल्पच फरक पडत असेल, तर तो प्रश्न सुस्थित समजला जातो. फ्रेंच गणितज्ञ झाक आदामार यांच्या नावाने हे निकष ओळखले जातात. ते न पाळणाऱ्या सिद्धांताकडून भाकिताची अपेक्षा करता येत नाही.

न्यूटन यांच्या यामिकीत ग्रहांची स्थाने व वेग दिले की पुढील गणित मांडता येते. आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात (१९१५) मात्र ज्या अवकाश-कालात घटना घडतात तोच अज्ञात असतो. त्याच्या दहा समीकरणांपैकी चार प्रारंभिक मूल्यांवरच निर्बंध घालतात. उरलेली सहा कालानुसार होणारा बदल दर्शवितात. शिवाय सहनिर्देशक कोणते घ्यावेत, हे समीकरणे सांगत नाहीत. झॉर्झ दार्मवा (१९२७) व आंद्रे लिक्नेरोविच (१९४४) यांनी या प्रश्नाचा पाया घातला. ईव्हॉन शोके-ब्रुआ (१९२३–२०२५) यांनी १९५२ मध्ये विशिष्ट ‘हरात्मक’ सहनिर्देशक वापरून समीकरणांना तरंग समीकरणांचे रूप दिले आणि निदान अल्प काळापुरते उत्तर अस्तित्वात असते व ते एकमेव असते, हे सिद्ध केले. मूळ सिद्धांत मांडला गेल्यानंतर सदतीस वर्षांनी ही खात्री झाली.

पर्यायी सिद्धांतांची परीक्षा मुख्यतः बुधाच्या कक्षेचे भ्रमण व प्रकाशाचे वक्रीभवन यांवर होत असे. ही गणितीय कसोटी बरीच मागे राहिली. कार्ल ब्रान्स व रॉबर्ट डिकी यांचा अदिश क्षेत्र मानणारा सिद्धांत (१९६१) तीत सहज उतरतो, कारण चलांच्या योग्य बदलाने तो जवळजवळ आइन्स्टाइन यांच्याच समीकरणांत रूपांतरित होतो. वक्रतेचे वर्ग असणाऱ्या सिद्धांतांत चौथ्या कोटीचे अवकलज येतात. त्यांचाही प्रश्न सुस्थितपणे मांडता येतो, असे १९८३ मध्ये दाखविण्यात आले. तथापि अशा अनेक सिद्धांतांत ऊर्जेस खालची मर्यादा राहत नाही. सुस्थितता व स्थिरता या भिन्न गोष्टी होत.

ग्रेगरी हॉर्नडेस्की यांनी १९७४ मध्ये द्वितीय कोटीच्याच समीकरणांचा सर्वांत व्यापक अदिश सिद्धांत मांडला. पुढे ते भौतिकी सोडून चित्रकलेकडे वळले आणि त्यांचे काम २०११ च्या सुमारास पुन्हा प्रकाशात आले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय तरंगांचा प्रथम वेध घेतला गेल्यावर कृष्णविवरांच्या टकरी पर्यायी सिद्धांतांनुसारही संगणकावर सोडविणे आवश्यक झाले. परंतु शोके-ब्रुआ यांची युक्ती हॉर्नडेस्की सिद्धांताच्या बहुतेक प्रकारांना लागू पडत नाही, असे जूझेप्पे पापाल्लो व हार्वी रिअल यांनी २०१७ मध्ये दाखविले. समीकरणे पुरेशी अपास्तीय, म्हणजे तरंगसदृश, राहत नाहीत. मग संगणकीय उत्तरावर भरवसा कसला ठेवायचा? दोष सिद्धांताचा की सहनिर्देशकांचा, हा खरा वाद होता. आरॉन कोव्हाच व रिअल यांनी २०२० मध्ये सहनिर्देशकांची सुधारित निवड सुचवून अदिश क्षेत्राचा अतिरिक्त प्रभाव क्षीण असेतो प्रश्न सुस्थित राहतो, असे सिद्ध केले आणि लगेच अशा टकरींची संगणकीय गणिते होऊ लागली. प्रभाव तीव्र झाल्यास मात्र काही प्रदेशांत समीकरणे विवृत्तीय बनतात व तेथे आरंभावरून भविष्य ठरविता येत नाही.