अवयवांच्या कोष्टकातील चुका

हजेरीपट आणि पगारपत्रक ताडून पाहण्यात आमची बरीच वर्षे गेली. त्यामुळे कागदावर छापलेला आकडा खरा कधी मानावा, हा प्रश्न आम्हांस पुस्तकी वाटत नाही. निगडी-चिंचवडच्या कामगारासही तो वाटू नये. गणितात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

१५ चे अवयव ३ आणि ५. १७ ला मात्र १ व स्वतः १७ यांवाचून अवयव नाही, म्हणून ती मूळ संख्या. संख्या मोठ्या झाल्या की कोष्टके लागतात, आणि कोष्टक आले की चूकही येते. १६४४ साली मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने २ चा कोणता घात घेऊन त्यातून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, याची २५७ पर्यंतची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकीने आले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले.

ही यादी दुरुस्त व्हायला तीन शतके लागली. ६१ ची उणीव १८८३ साली पेर्वूशिन या रशियन खेड्यातील धर्मगुरूने भरून काढली. ६७ ची संख्या मूळ नाही हे ल्यूकाने १८७६ साली दाखविले होते, पण अवयव कोणाच्या हाती लागेनात. १९०३ साली अमेरिकेत कोल यांनी ते मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. ते शोधायला कोल यांना तीन वर्षांचे रविवार लागले असे सांगतात. पडताळायला मात्र एक गुणाकार पुरतो.

येथेच खरी मेख आहे. अवयव दिले तर कोणीही गुणून पाहावे. पण ‘ही संख्या मूळ आहे’ एवढेच लिहिले, तर गुणायचे काय? ३४१ घ्या. २ च्या ३४० व्या घातास तिने भागले तर बाकी १ उरते, म्हणजे मूळ संख्येची एक परीक्षा ती उत्तीर्ण होते. पण ती तर ११ गुणिले ३१! आज अशी कोष्टके संगणकाच्या जाळ्यावर आहेत. कोणी अवयव पाठविले, तर यंत्र गुणून पाहते. मात्र मूळपणाच्या दाव्याला सिद्धता हवी. नुसती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या संख्येस ‘बहुधा मूळ’ एवढेच म्हणावे. ‘बहुधा’ हा शब्द गाळला की कोष्टक बिघडलेच.

आपल्याकडे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी विद्यापीठातील पदावाचून संख्यांचा अभ्यास केला. १११ चा वर्ग १२३२१. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. अशांचे अवयव पाहायचे तर एकाच्या रांगा फोडाव्या लागतात: १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. हे घरी गुणून पाहावे.

मर्सेन थोर होता, तरी त्याची यादी चुकली. ती दुरुस्त करणाऱ्यास दर्जा विचारला गेला नाही, पुरावा विचारला गेला. पगारपत्रकापुढे उभ्या असलेल्या माणसानेही तेवढेच मागावे: आकड्याबरोबर त्याचे अवयव.