बापाच्या हक्कापासून बापाच्या लढ्यापर्यंत

मुलाच्या ताब्यासाठी कोर्टाची पायरी चढणारा बाप म्हटला की सिनेमाप्रेमींना ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ आठवतो. पडद्यावरच्या या बापाची वंशावळ शोधायची, तर आपल्याला आधी अशा काळात जावे लागते, जेव्हा बापाला भांडावेच लागत नव्हते. रोमन कायद्यात मुलांवर पित्याची जवळजवळ निरंकुश सत्ता होती. इंग्लंडमध्येही अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडिताने लिहून ठेवले की, आईला मुलांकडून आदर मिळावा, अधिकार मात्र नाही. या व्यवस्थेला तडा गेला तो एका आईमुळे. १८३६ मध्ये कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेच्या नवऱ्याने तिचे तीन मुलगे तिच्यापासून तोडले आणि कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूने उभा राहिला. तिने पत्रके लिहिली, खासदारांना गाठले, आणि टॅलफर्ड या खासदाराच्या पुढाकाराने १८३९ मध्ये कायदा झाला : सात वर्षांखालील मुलांचा ताबा आईला मागता येईल, पण तिच्यावर व्यभिचार सिद्ध झालेला नसावा. खुद्द कॅरोलाइनच्या पदरात मात्र काही पडले नाही. नवऱ्याने मुलांना स्कॉटलंडला नेले होते आणि हा कायदा तिथे लागू नव्हता. १८४२ मध्ये तिचा धाकटा मुलगा घोड्यावरून पडून दगावला. या साऱ्या कथेत मला सर्वांत जास्त छळते ते हेच.

पण तिने उघडलेल्या फटीतून पुढे मोठा प्रवाह वाहिला. अजाण वयाच्या मुलाला आईच हवी, हे तत्त्व इंग्लंड-अमेरिकेच्या न्यायालयांत रुजले आणि विसाव्या शतकात तर ते गृहीतच धरले जाऊ लागले. बाप कमावणारा, आई सांभाळणारी. आता मूल हवे असेल तर ते आपल्याला सांभाळता येते, हे बापाला दाखवून द्यावे लागणार होते, आणि सिनेमाला नाट्य सापडले ते इथेच. त्याचे पहिले ठळक रूप आपल्याला चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मध्ये दिसते. रस्त्यात सापडलेले पोर वाढवणारा फाटका माणूस, पोर न्यायला आलेले सरकारी लोक आणि त्या गाडीमागे छपरांवरून धावणारा तो मानलेला बाप. चॅप्लिन स्वतः लहानपणी लंडनच्या वर्कहाउसमध्ये राहिला होता, त्यामुळे ती धाव नुसती कल्पनेतली वाटत नाही. दहा वर्षांनी किंग व्हिडॉरच्या ‘द चॅम्प’मध्ये दारूत बुडालेला मुष्टियोद्धा आणि पुन्हा लग्न करून श्रीमंत घरात गेलेली आई समोरासमोर आली. आज हा चित्रपट फारसा कुणाला आठवत नाही, पण आई, बाप आणि मध्ये मूल ही मांडणी त्यात तयारच होती.

आता आपण १९७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये येऊ. घटस्फोट वाढले होते, बायका नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या, आणि १९७३ मध्ये तिथल्याच एका कौटुंबिक न्यायालयाने म्हटले की, आई आहे एवढ्याच कारणाने तिला झुकते माप देणे समानतेच्या तत्त्वाला धरून नाही. १९७७ मध्ये एव्हरी कॉर्मनची ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ ही कादंबरी आली आणि डिसेंबर १९७९ मध्ये तिच्यावरचा रॉबर्ट बेंटनचा चित्रपट. बायको घर सोडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी डस्टिन हॉफमन मुलासाठी फ्रेंच टोस्ट करायला घेतो, तो प्रसंग नीट पाहावा. अंडी मगमध्ये फोडलेली, पाव त्यात मावत नाही म्हणून दुमडून कोंबलेला, तव्याने हात भाजलेला, आणि या सगळ्यात चाललेली मुलाला धीर देणारी बडबड. कोर्टातल्या उलटतपासणीपेक्षा हा प्रसंग मला मोठा वाटतो, कारण बापपण कामातून शिकावे लागते हे तिथे कुणी न सांगता कळते. आईची भूमिका करणाऱ्या मेरिल स्ट्रीपने आपल्या पात्राची कोर्टातली साक्ष स्वतः लिहून काढली. पटकथेत त्या आईची बाजू लंगडी पडते असे तिला वाटत होते, आणि तिचे बरोबर होते. ती साक्ष नसती तर चित्रपट एकतर्फी झाला असता. न्यायाधीश शेवटी मूल आईलाच देतात आणि आईच मूल बापाकडे ठेवते. या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले. योगायोग असा की, पालकांच्या संयुक्त ताब्याला पाठबळ देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर काही दिवसांतच, १ जानेवारी १९८० पासून अमलात आला.

आपल्याकडे हीच कथा १९९५ मध्ये मन्सूर खानच्या ‘अकेले हम अकेले तुम’मधून आली. आमिर खान आणि मनीषा कोईराला यांच्या या चित्रपटात नवरा-बायको शेवटी पुन्हा एकत्र येतात. मूळ चित्रपटातला तुटलेला संसार तुटलेलाच राहतो, इथे मात्र तो सांधून दिला गेला. मला तो शेवट पळवाट वाटतो, कारण मूळ प्रश्न त्यात सुटत नाही. आपला १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा बापाला पहिला नैसर्गिक पालक मानतो आणि पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे ठेवतो. रोमन पित्याचा वारसा आणि कॅरोलाइन नॉर्टनची झुंज एकाच कलमात शेजारी-शेजारी नांदतात. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईचे पालकत्व बापाच्या हयातीतही मान्य होऊ शकते असे सांगितले. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने दोन्ही पालकांना समान स्थान देण्याची आणि संयुक्त ताब्याची तरतूद करण्याची शिफारस केली.