जयपूरच्या तारासूचीत नसलेले शेजारी

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक स्थानिक वेळ वाचता येते. धातूची लहान यंत्रे झिजतात, डळमळतात, म्हणून सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दगड-चुन्याची ही प्रचंड यंत्रे उभारली.

त्यांच्या दरबारातील जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित मानले जातात. टॉलेमीचा 'अल्माजेस्ट' त्यांनी अरबीतून संस्कृतात आणला. जयसिंगांच्या 'झीज-ए-मुहम्मदशाही' या ग्रंथात १,०१८ ताऱ्यांची सूची आहे. समरकंदच्या उलुग बेगच्या सूचीत अयनचलनाची दुरुस्ती करून ती सिद्ध झाली.

या सूचीत एकही लाल बटू तारा नाही, आणि तो असणे शक्यही नव्हते. सूर्याच्या परिसरातील सुमारे तीनचतुर्थांश तारे लाल बटू आहेत. तरीही त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कुंभ राशीतील 'ईझेड अ‍ॅक्वेरी' हे त्रिकूट पाहा. अंतर अवघे ११ प्रकाशवर्षे. प्रत्येक ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण एकदशांश. त्यांपैकी दोन तारे ३.८ दिवसांत परस्परांभोवती फिरतात, तर तिसऱ्याची प्रदक्षिणा सुमारे सव्वादोन वर्षांची. शरद ऋतूत हे त्रिकूट जयपूरच्या दक्षिण आकाशातून रोज सरकत जाते. परंतु डोळ्यांना दिसणाऱ्या अंधुकतम ताऱ्याहूनही ते शेकडो पटींनी अंधुक आहे.

जयसिंगांना दुर्बीण अपरिचित नव्हती. गुरूच्या चंद्रांचा उल्लेख त्यांच्याच ग्रंथात आहे. मात्र वेध घेण्याची त्यांची मुख्य यंत्रे डोळ्यांवरच अवलंबून होती. अशा यंत्राचा आकार वाढविला की कोन अधिक सूक्ष्म मोजता येतो, पण त्यामुळे प्रकाश वाढत नाही. हे तारे सापडण्यासाठी मोठ्या दुर्बिणी आणि छायाचित्रणाच्या काचा याव्या लागल्या. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, हाही लाल बटूच. तो १९१५ मध्ये जोहान्सबर्ग येथे रॉबर्ट इनेस यांना सापडला. ईझेड अ‍ॅक्वेरीचे 'लायटन ७८९-६' हे दुसरे नाव विलेम लायटन यांच्या निजगतीच्या शोधकार्याची आठवण देते.

जुन्या सूच्या चुकीच्या नव्हत्या. त्या तेजस्वी ताऱ्यांच्या होत्या. जवळच्या ताऱ्यांच्या नव्हेत. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आजही एखाद्या सर्वेक्षणाची बातमी वाचाल, तेव्हा किती तारे सापडले एवढेच पाहू नका. किती अंधुक ताऱ्यांपर्यंत ते पोहोचले, हेही विचारा.