दहा डॉलर आणि इतर मोबदला

आज तुम्हाला एका तळघरात घेऊन जातो. कॅलिफोर्नियातल्या एका शेतकी काउंटीच्या कचेरीचं हे तळघर. काउंटीचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझी फजिती झाली आणि त्यात दोष थोडा त्यांचा, बराचसा माझा होता.

झालं असं की आम्ही तिघा मित्रांनी मिळून बदामाची वीस एकर बाग घेतली. आयटीतल्या मराठी माणसाला चाळिशी उलटली की शेतीची स्वप्नं पडायला लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. व्यवहार पुरा झाला त्या दिवशी विकणारे आजोबा माझ्याकडे बघून सहज म्हणाले, "आमच्या लहानपणी ह्या जागेला सगळे हिंदू रँच म्हणायचे." कोण हिंदू, कधीचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र ते डोक्यातून जाईना. माझ्या बांधावर माझ्या आधी कुणी देशी माणूस उभा होता?

मी लगेच ईमेल ठोकला. एमबीएत शिकलेली सगळी भाषा वापरून, मुद्देसूद, अमुक पार्सल क्रमांकाशी आणि भारतीय व्यक्तींशी संबंधित सर्व नोंदी पाठवाव्यात म्हणून. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं, तर दोन ओळी आल्या, की अशी कुठलीही नोंद आढळत नाही. मी डेटाबेसवाला माणूस. शोध घेतला, शून्य ओळी आल्या, म्हणजे विषय संपला असं मानून मी वर्षभर गप्प बसलो.

चूक तिथेच होती. त्यांच्या संगणकावरची सूची १९८० नंतरची. त्याआधीचं सगळं कापडी बांधणीच्या जाडजूड वह्यांत, तळघरात. संगणकाला विचारलं, संगणक खरं बोलला. वह्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

थोडं कायद्याचं सांगतो, कारण इथे आपले बरेच लोक घाबरतात. १९६६चा केंद्राचा माहिती अधिकाराचा कायदा काउंटीला लागू नाही, तो फक्त वॉशिंग्टनच्या खात्यांसाठी आहे. काउंटीसाठी प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असतो. कॅलिफोर्नियाचा १९६८ सालचा. त्यात तुम्ही कोण, नागरिक आहात का, कागद कशाला हवा, यातलं काही सांगावं लागत नाही. एच-वन व्हिसावरचा माणूसही अर्ज करू शकतो, भेटीला आलेली सासूबाईही करू शकते. कागद देणार की नाही हे दहा दिवसांत कळवायचं, अडचण असली तर आणखी चौदा. नुसतं बसून वाचायला पैसे नाहीत, नक्कल हवी तर तिचा खर्च. सगळीकडे असं नाही हं. व्हर्जिनियात हा हक्क मुख्यतः त्या राज्याच्या नागरिकांनाच आहे, आणि २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते चालेल म्हणून सांगितलं.

आणि गंमत बघा. आपला २००५चा माहिती अधिकार कायदा फक्त भारतीय नागरिकांसाठी आहे. निळा पासपोर्ट घेतलेला, ओसीआय कार्डवाला माणूस आपल्याच गावच्या ग्रामपंचायतीला दहा रुपयांचा अर्ज लावू शकत नाही. पण इथे, जिथे त्याला कुणी ओळखत नाही, तिथल्या काउंटीचं शंभर वर्षांपूर्वीचं बाड त्याला उघडून बघता येतं.

पण कायदा काय देतो हे नीट समजून घ्या. तो असलेला कागद देतो. प्रश्नाचं उत्तर देत नाही, तुमच्यासाठी नवी यादी करून देत नाही. "भारतीयांशी संबंधित सर्व काही" हा कागद नव्हे. "१९१५ ते १९३०, भाडेपट्ट्यांच्या सूचीची वही, आडनावाचं अक्षर एस" हा कागद आहे. आणि कुठल्या खिडकीवर मागायचं हेही महत्त्वाचं. खरेदीखतं, भाडेपट्टे, तारणखतं रेकॉर्डरकडे. लग्नाचे परवाने क्लार्ककडे. छोट्या काउंट्यांत ही दोन्ही खाती बहुधा एकत्र असतात. जुने नकाशे आणि कराची वही असेसरकडे. वारसा आणि पालकत्वाची प्रकरणं कोर्टात, आणि कोर्टाला हा कायदा नाही, त्यांचे नियम निराळे, पण फाईल बहुतेक वेळा बघायला मिळते. दफनभूमी खासगी असेल तर मात्र विनंतीवरच भागवायचं. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला ज्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे, तीही अशीच संस्थेची दफनभूमी.

आपल्याकडे गाव नमुना सात आणि बारा एका उताऱ्यावर येतात, इतर हक्क, पीक, सगळं एका नजरेत. इथे तसं काही नाही. इथली काउंटी जमिनीचा मालक कोण ते सांगतच नाही. आलेला दस्त नोंदवून घेते, एवढंच. एका वहीत लिहून देणार, दुसऱ्या वहीत लिहून घेणार. साखळी तुमची तुम्ही जोडायची, आजच्या मालकापासून मागे मागे जात.

तर मी एक दिवस सुट्टी काढून स्वतः गेलो. खिडकीवरच्या बाईंनी माझा मोठा अर्ज बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुम्ही लिहून घेणाऱ्यांची वही पाहिलीत का?" नव्हती पाहिली. त्यांनी मला खाली नेलं.

एसच्या पानांवर अडचण लगेच कळली. त्या काळच्या कारकुनाला सिंग हे आडनाव की नाव हे समजायचं नाही. कुठे 'सिंग'च्या शेवटी एच आहे, कुठे नाही, आणि एच नसलेल्यांत चिनी लोकही मिसळलेले. काही जण पहिल्या नावाच्या अक्षराखाली गेलेले. (आपली नावं आठवा. वडिलांचं नाव मधे, त्यालाच आडनाव समजून बिल पाठवणारे अजून आहेत.) शिवाय सगळे 'हिंदू'. शीख असो, मुसलमान असो, हिंदुस्थानातून आला तो हिंदू. १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनेत तर 'हिंदू' हा वंशाचा रकानाच होता. तेव्हा हिंदू रँचवरचा माणूस पंजाबी शीख असणार, हे मला आधीच उमगायला हवं होतं.

सापडला तो १९१९च्या भाडेपट्ट्यात. आमचेच वीस एकर, मुदत तीन वर्षं. तीनच का? कारण १९१३च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं, ज्यांना अमेरिकन नागरिक होता येत नाही अशा परदेशी माणसाला शेतजमीन विकत घ्यायची बंदी केली होती आणि भाडेपट्टा तीन वर्षांपर्यंतच ठेवला होता. रोख जपान्यांवर होता. नोव्हेंबर १९२०च्या मतदानात तो भाडेपट्टाही बंद झाला.

पण हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकतो की नाही? तोवर हे कोर्टाकोर्टावर होतं. काहींना नागरिकत्व मिळालंही होतं. मग १९ फेब्रुवारी १९२३ला सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला, की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदू बसत नाही, म्हणून त्याला नागरिक होता येत नाही. एका निकालानं नवीन दारं बंद झाली आणि ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही सरकार परत मागायला लागलं.

इथे एका नावापाशी थांबतो. सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, पण नाव ऐकून तुमचेही कान टवकारले असतील. लॉस एंजेलिस काउंटीच्या वरिष्ठ न्यायालयानं १९१४मध्ये त्यांना नागरिक केलं, पुढे ते वकील झाले आणि थिंड यांच्या बाजूनंही लढले. सरकारनं त्यांचं नागरिकत्व काढायला खटला भरला. १९२६मध्ये अपील न्यायालयानं पंडितांच्या बाजूनं निकाल दिला. मुद्दा वंशाचा नव्हता. १९१४ला सरकारनं विरोध केला होता, त्यावर कोर्टानं निर्णय देऊन टाकला होता, तोच वाद पुन्हा उकरता येणार नाही, एवढंच. १९२७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. काउंटीच्या कोर्टातल्या एका जुन्या आदेशानं माणूस वाचला.

आमच्या सिंगांकडे असा आदेश नव्हता. १९२२ला भाडेपट्टा संपला आणि वहीतून नाव गायब. जमीन एका स्थानिक गोऱ्या शेतकऱ्याच्या नावावर दिसते. मला वाटलं, गेला बिचारा. घरी यायला निघालो होतो. बाईंनी विचारलं, लग्नं पाहिलीत का?

१९२४चा परवाना निघाला. वर सिंग, वधूचं नाव स्पॅनिश. वंशाच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द, 'तपकिरी'. त्या काळी कॅलिफोर्नियात गोऱ्यांनी कुणाशी लग्न करू नये याची यादी कायद्यात होती आणि परवाना द्यायचा की नाही हे खिडकीवरचा कारकून माणसाचा रंग बघून ठरवायचा. दोघंही त्याला सारख्याच रंगाची दिसली की अडत नसे. ही बंदी १९४८ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं उठवली, आणि ती लढाईसुद्धा लॉस एंजेलिसच्या काउंटी क्लार्कनं नाकारलेल्या परवान्यावरूनच होती.

अशी पंजाबी-मेक्सिकन घरं शेकड्यांनी झाली, सगळ्यात जास्त इम्पीरियल काउंटीत, मेक्सिकोच्या सीमेलगत. कॅरन लेनर्ड या अभ्यासक बाईंनी ती घरं शोधली, आणि १९९२च्या त्यांच्या पुस्तकाचा मोठा आधार म्हणजे हेच काउंट्यांचे लग्नाचे, जन्माचे आणि जमिनीचे दप्तर. बायकोच्या नावावर जमीन घ्यावी तर तेही सोपं नव्हतं. १९२२च्या कायद्यानं, नागरिक होऊ न शकणाऱ्याशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जायचं. ते कलम १९३१मध्ये गेलं. म्हणून जमीन ओळखीच्या गोऱ्या शेतकऱ्याच्या, वकिलाच्या नावावर ठेवायची आणि कसायची आपण. सगळा मामला विश्वासावर. १९३३मध्ये इम्पीरियल काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं अशाच संगनमताबद्दल काही पंजाबी आणि त्यांच्या गोऱ्या सोबत्यांवर आरोप ठेवले. मग लोकांनी दुसरी वाट धरली. इथे जन्मलेलं मूल जन्मानंच नागरिक. त्याच्या नावावर जमीन, आणि बाप पालक. बापाला पालक होता येतं, हे यानो नावाच्या जपानी कुटुंबानं १९२२ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून मिळवून ठेवलं होतं.

हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी तळघरात फक्त १९३६चं खरेदीखत हाती आलं. लिहून देणार, तो गोरा शेतकरी. लिहून घेणार, स्पॅनिश नाव आणि आडनाव सिंग, अज्ञान, वय दहा. मोबदला, दहा डॉलर आणि इतर. हे दहा डॉलर म्हणजे इथल्या दस्तातली ठरीव भाषा, खरी किंमत लिहायची नसली की हेच लिहितात. पण चौदा वर्षं दुसऱ्याच्या नावावर राहिलेली जमीन त्यानं परत केली होती. त्या काळात असे नाव परत न करणारेही असणार, हा केला.

कोर्टातली पालकत्वाची फाईल मिळायला आणखी दोन खेपा पडल्या. पालकानं दर वर्षी कोर्टाला हिशेब द्यायचा असे. म्हणजे बापानं स्वतःच्या घामाची जमीन मुलीच्या नावानं कसायची आणि सायकल घेतली तरी न्यायाधीशाला सांगायचं. द्राक्षांचं उत्पन्न, पाणीपट्टी, कर, विहिरीचा पंप, मुलीचे बूट दोन जोड. खाली सही गुरुमुखीत, शेजारी कारकुनानं इंग्रजीत लिहिलेलं नाव. मला गुरुमुखी येत नाही, तरी ती सही बराच वेळ बघत बसलो.

२ जुलै १९४६ला हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. सिंगांनी घेतलं का, ते काउंटीत नाही, त्यासाठी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याच्या वंशावळी विभागाकडे वेगळा अर्ज लावलाय. १९५१ला मुलीनं जमीन विकली, तेव्हा तिचं आडनाव बदललेलं होतं.

पुलमनला शिकलेल्या पांडुरंग खानखोज्यांचा माग विटमन काउंटीत काढावा असं एका श्रोत्यांनी मागे सुचवलं होतं. त्यांना माझं सांगणं, ईमेल करू नका, आधी फोन करा. कोलफॅक्सला कचेरी आहे, आणि वॉशिंग्टन राज्याचा कायदा पाच कामकाजाच्या दिवसांत काहीतरी कळवायला लावतो.

माझ्या सिंगांची मुलगी १९२६ची. कॅलिफोर्नियात मृत्यूच्या दाखल्याची माहितीपुरती नक्कल कुणालाही मिळते, नातं सांगावं लागत नाही. तो अर्ज मी भरून ठेवलाय. अजून पाठवलेला नाही.