ढास आणि सोंग

दादा गेले आणि आमच्या वहिनींना कोरडी ढास लागली. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाले, छातीचा फोटोही काढून झाला, काही सापडेना. तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली, “सोंग आहे, दुसरे काय!” कुजबुजणाऱ्यांत मीही होतो. पुढे एका जुन्या खोकल्याचा इतिहास वाचनात आला आणि मी वरमलो.

सन १८८०. व्हिएन्नाच्या एका सधन ज्यू घराण्यातील बर्था पापेनहाइम ही २१ वर्षांची मुलगी आजारी वडिलांची शुश्रूषा करीत होती. एकदा ती त्यांच्या उशाशी बसली असता शेजारच्या घरातून नाचाच्या संगीताचे सूर आले. ‘आपणही तिथे असतो तर!’ असे मनात आले मात्र, तिला स्वतःचीच शरम वाटली. आणि पहिली ढास उठली. पुढे ठेक्याचे संगीत कानी पडले की ती खोके. त्या खोकल्यासाठीच डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांना बोलावणे गेले.

हळूहळू तिचे हातपाय आखडले, मातृभाषाही बोलता येईना. ब्रॉयर संध्याकाळी तिच्यापाशी बसून ऐकत. एखादे लक्षण प्रथम कधी उद्भवले हे तिने आठवून सांगितले की ते ओसरे, असे त्यांनी नोंदले आहे. या उपचाराला ‘बोलण्याचा उपाय’ हे नाव तिनेच दिले. १८९५ साली ब्रॉयर व फ्रॉइड यांनी तिचे नाव बदलून ही हकिगत ग्रंथात छापली. पण एवढ्यावर ती बरी झाली नव्हती. १८८२ मध्येच तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात जावे लागले. तीच बाई पुढे, १९०४ साली, जर्मनीतील ज्यू स्त्रियांच्या संघटनेची संस्थापक झाली.

आजचे डॉक्टर सावध आहेत. प्रौढाचा खोकला ८ आठवड्यांहून अधिक टिकला, तर ते आधी दमा, क्षय, आम्लपित्त, रक्तदाबावरच्या काही गोळ्या अशी कारणे शोधतात. रात्री झोपेत खोकला थांबतो, एवढ्यावरून तो मनाचा ठरवू नये, असे अमेरिकेतील छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांनी २०१५ साली बजावले. शरीरात काहीच सापडले नाही, तर ढासेआधीची घशातली खवखव ओळखून पाण्याचा घोट घ्यावा, श्वास संथ करावा, असे शिकवितात. जोडीला मन मोकळे करायला जागा देतात.

गेल्या दिवाळीत मी विचारले, “वहिनी, ढास पहिल्यांदा कधी लागली, आठवते?” त्या पुष्कळ वेळ बोलल्या. खोकला तिथल्या तिथे थांबला, असे लिहिण्याचा मोह कथालेखकाला होतो; तसे झाले नाही. पण ‘सोंग’ हा शब्द मात्र आमच्या घरातून गेला.