जपानी रोगणकामाचे संग्रह : एक ऐतिहासिक पुरावा

सावंतवाडीच्या लाखकामामुळे ‘लाख’ हा शब्द मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. युरोपीय भाषांतील ‘लॅकर’ हा शब्दही त्याच भारतीय शब्दाशी नाते सांगतो. परंतु या नामसाम्याने फसून जाता कामा नये. लाख हा कीटकाचा स्राव होय. जपानी रोगण, म्हणजेच ‘उरुशी’, हा एका वृक्षाचा चीक होय. उबदार व दमट हवेत तो हळूहळू घट्ट होतो आणि एकदा कठीण झाला की पाणी, आम्ल व मद्यार्क यांना सहसा दाद देत नाही. लाकडावर त्याचे अनेक पातळ थर देऊन, ओल्या थरावर सोन्याची वा रुप्याची पूड शिंपडून चित्र उमटविण्याच्या पद्धतीस ‘माकी-ए’ असे म्हणतात. अशा जुन्या वस्तूंचे संग्रह युरोपात चार शतके होत आले आहेत. त्यांतून जपानच्या कलेचा इतिहास जितका कळतो, तितकाच, किंबहुना अधिक, ग्राहकांच्या अभिरुचीचा इतिहास कळतो.

पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले. त्यानंतर त्यांच्या मागणीनुसार शिंपल्यांच्या जडावाच्या पेट्या, तसेच ख्रिस्ती उपासनेसाठी ग्रंथपीठे व पवित्र भाकरीच्या डब्या तयार होऊ लागल्या. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील व्यापाराचे मुख्य ठाणे गोवा हे असल्याने या व्यापाराचा धागा मकावमार्गे गोव्याशी जुळतो. या वस्तूंवरील शिंपल्यांच्या जडावाचे गुजरातच्या तशाच कामाशी असलेले साम्यही लक्षणीय आहे. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानचे दरवाजे बंद झाले. पुढे युरोपीयांपैकी केवळ डच कंपनीस नागासाकीच्या देजिमा बेटावरून व्यापार करण्याची मुभा राहिली.

याच सुमाराच्या दोन कलाकृतींची तुलना उद्बोधक ठरते. शोगुन इएमित्सू याची कन्या चियोहिमे हिच्या १६३९ मधील विवाहासाठी कोआमी नागाशिगे याने रोगणकामाचे साहित्य घडविले. ते आज नागोया येथील तोकुगावा कलासंग्रहालयात आहे. ते कोणासाठी, कोणत्या प्रसंगी व कोणी घडविले, हे सर्व ज्ञात आहे. शैलीच्या आधारे ज्या पेटीचा संबंध याच कोआमी घराण्याशी जोडला जातो, ती सुमारे १६४० ची ‘माझारँ पेटी’ मात्र फ्रान्समधील ज्या घराण्याच्या ताब्यात होती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती पुढे विल्यम बेकफर्ड या इंग्रज संग्राहकाकडे व त्याच्या कन्येच्या विवाहसंबंधातून हॅमिल्टन घराण्याकडे गेली. १८८२ च्या लिलावात ती लंडनच्या संग्रहालयाने विकत घेतली. पहिल्या वस्तूचा इतिहास तिच्या उपयोगावरून सांगता येतो, दुसरीचा तिच्या मालकांवरून. हा भेद संग्रहाने निर्माण केलेला आहे.

अठराव्या शतकात हा भेद अधिकच तीव्र झाला. पॅरिसच्या सुतारांनी जपानी कपाटे व पडदे कापून त्यांचे तक्ते फ्रेंच बनावटीच्या खणांच्या कपाटांवर बसविले. फ्रान्सच्या राणीसाठी १७३७ मध्ये फाँतेनब्लो येथे पोचते झालेले असे एक कपाट आज लूव्रमध्ये आहे. मूळ वस्तू नाहीशी होऊन तिचा पृष्ठभाग तेवढा उरला. याउलट मारी आंत्वानेत हिला मातेच्या मृत्यूनंतर १७८० च्या सुमारास मिळालेल्या पन्नास डब्या अखंड जतन झाल्या.

१८६८ नंतर जपानमध्येच समाजरचना पालटली. १८७१ मध्ये सरंजामी संस्थाने बरखास्त झाली, १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी आली आणि पाश्चात्त्य पोशाखाच्या प्रसारामुळे कमरपट्ट्यास टांगावयाची ‘इन्रो’ ही छोटी डबी निरुपयोगी होत गेली. सरदार घराण्यांच्या वस्तू बाजारात आल्या व हायाशी तादामासा याच्यासारख्या व्यापाऱ्यांमार्फत पॅरिसला पोहोचल्या. देशांतर्गत संरक्षणाचे कायदे त्यानंतरचे : १८९७ चा देवस्थानांच्या वारशासंबंधीचा, १९२९ चा राष्ट्रीय निधींचा व १९५० चा सांस्कृतिक संपत्तीचा.

माझारँ पेटीची जोड १९४१ नंतर दृष्टीआड झाली होती. फ्रान्समधील एका घरात बाटल्या ठेवण्यासाठी वापरली जात असलेली ती पेटी २०१३ मध्ये ओळखली गेली आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने ती सुमारे ७३ लाख युरोंना घेतली. कपाटाप्रमाणे वापरात असता तिचे महत्त्व कोणास जाणवले नाही. संग्रहाच्या परंपरेत स्थान मिळताच तिची किंमत ठरली.

सोन्याने मढविलेल्या वस्तूच बहुधा संग्रहाच्या मर्यादेत आल्या. त्याच चिकाने रंगविलेले भातसाराचे वाडगे, ताटे व तबके जपानी घरांत रोज हाताळली जात होती. ती झिजली आणि टाकून दिली गेली. म्हणून एखाद्या संग्रहात काय आहे, एवढेच पाहून अभ्यासकाने थांबणे उचित नव्हे. ते तेथे कोणी व का आणले, आणि जे आले नाही ते कोणाच्या दृष्टीने क्षुल्लक ठरले, हे विचारल्यावाचून संग्रह हा पुरावा होत नाही. तो केवळ मौल्यवान वस्तूंचा साठा राहतो.