जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांतील छायाचित्रांचे संगणकावर स्थलांतर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी, मोडी कागदपत्रे या पारंपरिक साधनांच्या जोडीला एकोणिसाव्या शतकात छायाचित्र आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे स्वरूप पूर्णपणे बदलले. फिल्मवरील छायाचित्राची निगेटिव्ह हाताळता येते व डोळ्यांनी पाहता येते. डिजिटल छायाचित्र मात्र अंकांच्या रूपात साठवलेले असते. कॅमेऱ्यातून ते संगणकावर उतरविले नाही, तर संशोधकाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच असते. म्हणूनच कॅमेऱ्याच्या इतिहासाइतकाच, कॅमेऱ्यातील चित्र बाहेर काढणाऱ्या साध्या आज्ञावलींचा इतिहासही अभ्यासला जाणे आवश्यक आहे. आजवर हा विषय केवळ तंत्रज्ञांचा मानला गेला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टिकोनातून केला आहे.

उद्दिष्टे

१) डिजिटल कॅमेऱ्यातून संगणकावर छायाचित्रे नेण्याच्या पद्धतींचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) कोणत्या पद्धती टिकल्या व कोणत्या लोप पावल्या, याची कारणे शोधणे.
३) अशा छायाचित्रांचे ऐतिहासिक साधन म्हणून परीक्षण कसे करावे, याची दिशा स्पष्ट करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पार्श्वभूमी

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशसंवेदी घटकाचा शोध लावला. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी हा घटक वापरून पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे होते व ते कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. ती फीत वाचून चित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखविण्यासाठी वेगळे यंत्र तयार करावे लागले होते. चित्र टिपणे आणि चित्र बाहेर काढणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे या पहिल्या प्रयोगातच स्पष्ट होते.

तारेचा कालखंड

१९९० मध्ये बाजारात आलेला डायकॅम मॉडेल १ हा कॅमेरा सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांपैकी एक होय. त्यात चित्रे तात्पुरत्या स्मृतीत राहत आणि विजेरी संपली की ती नष्ट होत. संगणकाशी तो सीरियल तारेने जोडला जाई. १९९४ मध्ये ॲपल कंपनीने क्विकटेक १०० हा कॅमेरा आणला. ६४० गुणिले ४८० बिंदूंची केवळ आठ चित्रे त्यात मावत. १९९५ मधील कॅसिओ क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याला मागील बाजूस पडदा होता, त्यामुळे टिपलेले चित्र लगेच पाहता येऊ लागले. या तिन्ही कॅमेऱ्यांत काढून घेता येईल असे कार्ड नव्हते. चित्र बाहेर येण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे सीरियल तार आणि कंपनीने दिलेली आज्ञावली.

हा मार्ग संथ होता. सीरियल जोडणीत प्रत्येक बाइटमागे साधारणतः दहा बिट पाठवावे लागतात. ९६०० बिट प्रतिसेकंद या वेगाने १०० किलोबाइटचे एक चित्र उतरविण्यास पावणेदोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे २४ चित्रांना पाऊण तासाच्या आसपास. १,१५,२०० बिट या वेगाने तेच चित्र नऊ सेकंदांत उतरते. तथापि संथपणा ही खरी अडचण नव्हती. प्रत्येक कंपनीची कॅमेऱ्याशी बोलण्याची भाषा वेगळी होती व ती बहुधा जाहीर केलेली नसे. क्विकटेकसारख्या कॅमेऱ्यात तर चित्राचा साठवणप्रकारही कंपनीचा स्वतःचा होता. परिणामी कॅमेरा, तार आणि आज्ञावली यांपैकी एक जरी गहाळ झाले तरी उरलेल्या दोन्ही गोष्टी निरुपयोगी ठरत. १९९२ मध्ये आलेल्या ट्वेन या मानकाने स्कॅनर व कॅमेऱ्यातील चित्र थेट चित्रसंपादन आज्ञावलीत घेण्याची सोय केली. परंतु त्यासाठीही प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतच होता.

फ्लॉपी व कार्डाचा कालखंड

१९९७ मध्ये सोनी कंपनीने डिजिटल मॅव्हिका मालिकेतील एफडी५ व एफडी७ हे कॅमेरे आणले. त्यांत चित्रे साडेतीन इंची फ्लॉपीवर साठविली जात. फ्लॉपीची क्षमता जेमतेम १.४४ मेगाबाइट असली, तरी ती त्या वेळच्या बहुतेक संगणकांत घालता येई आणि कोणत्याही विशेष आज्ञावलीशिवाय चित्र उघडता येई. तंत्रदृष्ट्या मर्यादित असलेल्या या कॅमेऱ्याला मिळालेल्या लोकप्रियतेमागे ही सोय होती.

याच सुमारास कॉम्पॅक्टफ्लॅश (१९९४), स्मार्टमीडिया (१९९५), मेमरी स्टिक (१९९८), एसडी (१९९९) आणि एक्सडी (२००२) अशी परस्परांत न बसणारी कार्डे आली. त्यांतील स्मार्टमीडियाचे उदाहरण उद्बोधक आहे. त्याचे ३.३ व ५ व्होल्ट असे दोन प्रकार होते व कमाल क्षमता १२८ मेगाबाइट होती. संगणकावर ते चुकीच्या पद्धतीने फॉरमॅट केले, तर कॅमेरा ते ओळखण्यास नकार देई. हे कार्ड फ्लॉपीच्या खाचेत बसविण्यासाठी फ्लॅशपाथ नावाचे साधन निघाले होते. त्याचा आकार फ्लॉपीचा असला, तरी त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागे. त्यामुळे मॅव्हिकाची फ्लॉपी जुना फ्लॉपी ड्राइव्ह मिळाल्यास आजही वाचता येते; फ्लॅशपाथ मात्र त्याच्या काळातील संगणकप्रणालीबरोबरच कालबाह्य झाले.

मानकांचा कालखंड

या अराजकातून मार्ग निघाला तो मानकांमुळे. जेपेग हे चित्रसाठवणीचे मानक १९९२ मध्येच मान्य झाले होते. जपानी उद्योगसंघटनेने १९९५ मध्ये एक्झिफ हे मानक मांडले. त्यामुळे चित्राच्याच फाइलमध्ये कॅमेऱ्याचे नाव, दिनांक, वेळ व छिद्रमान यांची नोंद होऊ लागली. १९९८ मधील डीसीएफ या मानकाने कार्डावरील फाइलींची रचना ठरवून दिली. कॅमेऱ्याच्या कार्डावर आजही दिसणारा डीसीआयएम हा फोल्डर, १०० पासून सुरू होणारे उपफोल्डर आणि चार अक्षरे व चार अंकांची फाइलनावे ही त्याच मानकाची देणगी होय.

जोडणीच्या बाबतीत यूएसबीने परिवर्तन घडविले. १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. १९९८ च्या १.१ आवृत्तीचा कमाल वेग १२ मेगाबिट, तर २००० च्या २.० आवृत्तीचा ४८० मेगाबिट प्रतिसेकंद होता. १९९८ मध्येच ॲपलने आपल्या आयमॅक संगणकातून फ्लॉपी ड्राइव्ह व जुनी सीरियल जोडणी दोन्ही काढून टाकल्या. यूएसबीवर कॅमेरा दोन प्रकारे बोलू लागला. पहिल्या प्रकारात तो संगणकाला एखाद्या डिस्कसारखा दिसे. विंडोज ९८ मध्ये यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लागे. विंडोज २००० व विंडोज मी यांत तो अंतर्भूत झाला. दुसरा प्रकार म्हणजे पीटीपी हे मानक. ते २००० मध्ये अमेरिकेतील छायाचित्र उद्योगसंघटनेने प्रसिद्ध केले व पुढे ते आयएसओ १५७४० म्हणून स्वीकारले गेले. २००१ मधील विंडोज एक्सपीने पीटीपी स्वीकारल्यावर कंपनीची सीडी न घालताही चित्रे उतरविणे शक्य झाले.

मुक्त आज्ञावलींचे योगदान

मानके येण्यापूर्वीच्या कॅमेऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर कंपन्यांनी दिले नाही. ते मुक्त आज्ञावली लिहिणाऱ्या स्वयंसेवी प्रोग्रामरांनी दिले. फोटोपीसी ही छोटी आज्ञावली ऑलिंपस, एप्सन, आग्फा आदी कंपन्यांच्या एकाच घडणीच्या कॅमेऱ्यांशी सीरियल तारेवरून बोलत असे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या जीफोटो प्रकल्पाने हे कार्य व्यापक केले. तारेवरून जाणारे संकेत टिपून, त्यांचा अर्थ लावून, कंपन्यांनी जाहीर न केलेल्या अनेक भाषा या कार्यकर्त्यांनी उलगडल्या. मोडीचे जुने वळण लावणाऱ्या अभ्यासकाच्या कामाशी या कामाचे साधर्म्य आहे. या प्रकल्पाच्या आधुनिक आवृत्तीत अडीच हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचा समावेश आहे. तिचा वापरही सोपा आहे: एका आज्ञेने कॅमेरा ओळखला जातो, दुसरीने फाइलींची यादी मिळते व तिसरीने सर्व फाइली उतरतात.

या परंपरेचे फलित पुढेही दिसते. १९९७ मध्ये बंद झालेल्या क्विकटेक मालिकेतील कॅमेऱ्यांची चित्रे ॲपल टू या त्याहून जुन्या संगणकावर उतरविणारी आज्ञावली २०२३ मध्ये एका प्रोग्रामरने लिहून खुली केली. उत्पादकाने सोडून दिलेला कॅमेरा पाव शतकानंतरही बोलका होऊ शकतो, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला दिलासा देणारी आहे.

याउलट बंदिस्त व्यवस्थांचा अनुभव आहे. ६४ बिट विंडोजवर जुन्या १६ बिट आज्ञावली चालत नाहीत. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासून स्वाक्षरीकृत ड्रायव्हर बंधनकारक झाल्याने अनेक जुने ड्रायव्हर निकामी ठरले. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरा व्यवसाय सोडला, कोडॅकने २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि गूगलने पिकासा ही लोकप्रिय आज्ञावली २०१६ मध्ये बंद केली. बिनतारी पद्धतीने चित्रे पाठविणाऱ्या आय-फाय कार्डाच्या जुन्या आवृत्त्यांचा आधारही २०१६ मध्येच काढून घेण्यात आला.

साधन म्हणून परीक्षण

या इतिहासाचा आपल्या कार्याशी थेट संबंध आहे. प्रस्तुत लेखकाच्या महाविद्यालयातील इतिहास विभागाने २००३ मध्ये परिसरातील वीरगळांचे सर्वेक्षण केले होते. त्यातील काही छायाचित्रे कॅमेऱ्यातील कार्डावरच राहिली होती. कंपनीची सीडी उपलब्ध नव्हती व कार्ड वाचणारे साधनही बाजारात मिळत नव्हते. अखेर कॅमेऱ्यालाच कार्ड वाचण्याचे साधन मानून, मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने ती छायाचित्रे उतरविण्यात आली. मधल्या काळात काही वीरगळ रस्तारुंदीकरणात मूळ जागेवरून हलले आहेत, तर काहींवर तैलरंगाचे थर चढले आहेत. त्यांचे मूळ स्थान व शिल्पपट दर्शविणारा विभागाजवळील एकमेव पुरावा म्हणजे ही छायाचित्रे होत.

मात्र चित्र हाती आले म्हणजे काम संपले असे नव्हे. साधनांच्या बहिरंग व अंतरंग परीक्षणाचे नियम येथेही लागू होतात. पहिला प्रश्न दिनांकाचा. फाइलवर दिसणारा दिनांक हा अनेकदा ती प्रत केल्याचा दिनांक असतो. चित्र टिपल्याचा दिनांक एक्झिफमध्ये असतो. कॅमेऱ्याची आतील विजेरी संपली असल्यास घड्याळ मूळ स्थितीवर जाते व तीच चुकीची नोंद प्रत्येक चित्रावर उमटते. कार्डावरील फॅट फाइलप्रणालीत कालगणना १ जानेवारी १९८० पासून सुरू होते. म्हणून एखाद्या फाइलवर तो दिनांक आढळल्यास तो पुरावा न मानता घड्याळाच्या बिघाडाचे चिन्ह मानावे. शिवाय २०१६ पूर्वीच्या एक्झिफमध्ये प्रमाणवेळेतील फरक नोंदविण्याची सोय नव्हती. त्यामुळे परदेशात घेतलेल्या छायाचित्रांची वेळ स्थानिक की भारतीय, हे अन्य पुराव्यांनी ठरवावे लागते.

दुसरा प्रश्न मूळ प्रतीचा. उतरवितानाच चित्र फिरविणाऱ्या, लहान करणाऱ्या वा नाव बदलणाऱ्या आज्ञावली सोयीच्या वाटतात. परंतु जेपेग चित्र पुन्हा साठविले की त्यातील तपशील काही अंशी कमी होतो आणि काही वेळा एक्झिफ नोंदही नष्ट होते. मूळ फाइलनावातील क्रमांक बदलला की कोणते चित्र आधी घेतले व कोणते मधून गहाळ आहे, हे सांगणारा धागाही तुटतो. सबब केवळ फाइली जशाच्या तशा उतरविणारी साधी आज्ञावली ही संशोधकासाठी अधिक विश्वसनीय ठरते.

महाविद्यालयीन विभागांनी पुढील पद्धत अवलंबावी असे सुचवावेसे वाटते. प्रथम कार्डावर काहीही न लिहिता, व लिहिण्यास प्रतिबंध करण्याची सोय असल्यास ती वापरून, सर्व फाइली उतरवाव्यात. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा पडताळाअंक काढून नोंदवावा, म्हणजे पुढे फाइल बदलली गेल्यास ते लक्षात येते. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात. कॅमेऱ्याचे नाव, कार्डाचा प्रकार, वापरलेली आज्ञावली व तिची आवृत्ती, उतरविणाऱ्याचे नाव व दिनांक यांची एक साधी नोंदवही ठेवावी. ही पडताळणी पूर्ण होईपर्यंत कार्ड पुसू नये.

निष्कर्ष

१) छायाचित्राचे टिकणे केवळ कॅमेऱ्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नसते, ते बाहेर काढण्याच्या मार्गाच्या साधेपणावर व खुलेपणावर अधिक अवलंबून असते.
२) उत्पादकाच्या स्वतंत्र आज्ञावली अल्पायुषी ठरल्या, जाहीर मानके व मुक्त आज्ञावली दीर्घायुषी ठरल्या.
३) डिजिटल छायाचित्राचा दिनांक व क्रम स्वयंसिद्ध न मानता साधनचिकित्सेच्या नियमांनी तपासणे अगत्याचे आहे.
४) स्थलांतराची पद्धत हा साधनाच्या पूर्वपीठिकेचाच भाग असल्याने तिची नोंद ठेवणे ही संशोधकाची जबाबदारी आहे.

कागदाला वाळवी लागते तेव्हा ती डोळ्यांना दिसते. कार्डातील विद्युत्‌भार क्षीण होत जातो तेव्हा ते कोणालाच दिसत नाही. २००० च्या सुमारास टिपलेली छायाचित्रे आज दोन दशकांहून अधिक जुनी झाली आहेत व ती वाचू शकणारी उपकरणे दरवर्षी कमी होत आहेत. महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व समाजशास्त्र विभागांनी आपल्या कपाटांतील जुने कॅमेरे व कार्डे जडवस्तूंच्या यादीतून निर्लेखित करण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत, एवढीच या लेखाच्या निमित्ताने अपेक्षा.